औषधाला दाद न देणारे गळू

गळू हा संपादकीय पानावर चर्चिण्याजोगा विषय आहे काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात आल्यास त्यात नवल नाही. मराठी घराने या दुखण्याला दुखणे म्हणून फारसा मान कधी दिला नाही. नावे मात्र त्याला भरपूर दिली. मांडीवर उठले तर करट, केसाच्या मुळाशी ठणकू लागले तर केसतूड, पापणीच्या कडेला आली तर रांजणवाडी, नखाच्या बाजूला पिकले तर नखुरडे. आणि मधुमेही माणसाच्या मानेवर वा पाठीवर अनेक तोंडांनी फुटणारी ती काळपुळी, जिचे नाव ऐकूनच जुनी माणसे दचकत असत. काळपुळी सोडली तर बाकीच्यांवर अळशीचे वा कणकेचे गरम पोटीस बांधावे, पिकले की फोडावे आणि विसरून जावे, अशी रीत होती. पुढे पोटिसाची जागा मेडिकलच्या दुकानातील चार कॅप्सुलांनी घेतली, आणि ती रीतही अंगवळणी पडली. अंबडसारख्या तालुक्याच्या गावी आजही गळवाचा इलाज म्हणजे या चार कॅप्सुला होत. त्या ज्या जंतूसाठी घ्यावयाच्या, तो जंतूच त्यांना दाद देईनासा झाला आहे आणि तो मोठ्या रुग्णालयांच्या भिंती ओलांडून वस्तीवस्तीत वावरू लागला आहे, म्हणून हा विषय घ्यावा लागतो.

या सर्व पुळ्यांमागे बहुधा एकच जंतू असतो. स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथील शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवातील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना द्राक्षांच्या घडासारखे गोल कणांचे पुंजके दिसले. त्यावरून त्याला 'स्टॅफिलोकॉकस' हे ग्रीक नाव मिळाले. त्यातील सोनेरी रंगाची वसाहत करणारी जात म्हणजे 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस'. दर तीन माणसांपैकी सुमारे एकाच्या नाकात हा जंतू बिनबोभाट बिऱ्हाड करून असतो आणि त्याचा त्या माणसाला काही उपद्रव होत नाही. कातडीला चीर पडली, खरवडले, भाजले, म्हणजे त्याला वाट मिळते. बहुतेक वेळा प्रकरण गळवावर थांबते. परंतु कधी तो रक्तात शिरतो, लहान मुलांच्या हाडात ठाण मांडतो, फुप्फुसाला भोके पाडतो. पेनिसिलीन येण्यापूर्वी अशा प्रसंगी डॉक्टरांच्या हाती फारसे काही नसे.

१९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे अशाच संसर्गाने चेहरा आणि डोळा गमावून बसलेल्या एका पोलीस शिपायाला पेनिसिलीन देण्यात आले. रोगी झपाट्याने सुधारू लागला. परंतु जगातील पेनिसिलीनचा साठाच इतका तुटपुंजा होता, की त्याच्या लघवीतून बाहेर पडणारे औषध पुन्हा वेगळे काढून त्याला टोचावे लागत होते. अखेर तेही संपले, आणि माणूस गेला. त्यानंतर केवळ तेरा वर्षांनी, १९५४ मध्ये, पुण्याजवळ पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. ज्याला खेडोपाडी 'पेन्सिलीन' म्हणत, ते औषध मराठी मुलखातच तयार होऊ लागले. ही कामगिरी लहान नव्हती, आणि तिने वाचविलेल्या जिवांचे ऋण आजच्या तक्रारीच्या भरात विसरून चालणार नाही.

तथापि धोक्याची सूचना त्याआधीच मिळालेली होती, आणि तीही पेनिसिलीनच्या जनकाकडून. डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक गृहस्थाची कथा सांगितली. हा गृहस्थ घसा दुखतो म्हणून दुकानातून पेनिसिलीन विकत आणतो आणि अपुऱ्या मात्रेत घेतो. त्याच्या घशातील जंतू मरत नाहीत, उलट औषधाला निर्ढावतात. आणि तेच निर्ढावलेले जंतू पुढे त्याच्या पत्नीला लागतात व तिच्यावर औषध चालत नाही. कोणीही दुकानात जाऊन हे औषध विकत घेऊ शकेल असा काळ येईल, ही भीती त्यांनी बोलून दाखविली होती. तो काळ आपल्याकडे येऊन कितीतरी वर्षे लोटली.

जंतूच्या बाजूने हा लढा मोठ्या चलाखीने लढला गेला. १९४८ पर्यंत लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील निम्म्याहून अधिक स्टॅफिलोकॉकस पेनिसिलीनला जुमानीनासे झाले होते, कारण पेनिसिलीनचे तुकडे करणारे द्रव्य ते स्वतःच तयार करीत. मग त्या द्रव्याला न बधणारे मेथिसिलीन निघाले. ते साल १९५९. दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, त्यालाही दाद न देणारे जंतू इंग्लंडमध्ये आढळल्याचे प्रसिद्ध झाले. या वेळी त्यांनी युक्ती बदलली होती. औषध ज्या कुलपाला किल्लीसारखे बसते ते कुलूपच त्यांनी बदलून टाकले. कुलूप बदलल्यामुळे केवळ मेथिसिलीनच नव्हे, तर क्लॉक्सासिलीन, अँपिसिलीन, सेफालेक्सिन अशी त्याच कुळातील जवळजवळ सगळी औषधे एकदम बाद होतात. इंग्रजी आद्याक्षरांनी 'एमआरएसए' म्हणून ओळखला जाणारा जंतू तो हाच.

पुढील तीस वर्षे असे मानले जात होते, की ही रुग्णालयातील व्याधी आहे. जो शस्त्रक्रियेसाठी वा अतिदक्षता विभागात पडून राहतो त्याने तिची धास्ती घ्यावी. हा समज प्रथम ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातील आदिवासी वस्त्यांत डळमळला. मग १९९७ ते १९९९ या काळात अमेरिकेतील मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटा या राज्यांत चार मुले दगावली. रुग्णालयाशी त्यांचा पूर्वी काही संबंध आलेला नव्हता, आणि प्रथम जे औषध दिले गेले ते त्या जंतूवर चालणारे नव्हते. २००३ मध्ये सेंट लुईसच्या व्यावसायिक फुटबॉल संघातील ५८ खेळाडूंपैकी ५ जणांना असाच संसर्ग झाला. घसटून सोललेली कातडी आणि सामाईक टॉवेल ही त्यातील कारणांपैकी होती. आपल्या तालमीतील एकाच पंचाला सहा जण अंग पुसतात, तेव्हा याहून काही वेगळे घडत नसते.

या कथेत आपण केवळ श्रोते नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले, की रुग्णालयात सापडणाऱ्या या जंतूंमध्येही जुन्या रुग्णालयी जातीचे प्रमाण मागे पडून समाजात वाढलेल्या जातींचे प्राबल्य झाले आहे. म्हणजे गंगा उलटी वाहू लागली. रुग्णालयातून घरी येणारा जंतू आता घरातून रुग्णालयात जाऊ लागला. या जातींपैकी '७७२' या क्रमांकाने ओळखली जाणारी जात तर आपल्याच उपखंडात जन्मलेली आहे. २००४ मध्ये भारत व बांगलादेशात ती प्रथम आढळली. पाच खंडांतून गोळा केलेल्या नमुन्यांच्या जनुकांची तुलना करून २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की तिचा पूर्वज १९६० च्या दशकात या उपखंडात उगम पावला आणि १९९० च्या दशकात तिने एकापाठोपाठ एक अनेक औषधे पचविण्याची शक्ती कमावली. १९९० चे दशक म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधे स्वस्त होऊन आपल्या गल्लीबोळांत पोहोचण्याचा काळ. जगभर तिला बंगालच्या उपसागराचे नाव मिळाले आहे. दुसऱ्या एका प्रतिकारशक्तीला नवी दिल्लीचे नाव दिले गेले, त्यावरून २०१० मध्ये आपल्याकडे राष्ट्राभिमान दुखावून बराच गहजब झाला होता. नावावर जेवढा संताप खर्ची पडला त्याचा काही अंश औषधांच्या दुकानांकडे वळला असता, तर बरे झाले असते.

आता अंबडकडे यावे. मत्स्योदरी देवीच्या टेकडीभोवती वसलेल्या या गावाचा तालुका दक्षिणेस गोदावरीला टेकतो. कापूस, ऊस आणि कोरडवाहू शेती असा त्याचा संसार. दिवाळीच्या आगेमागे या भागातून मजुरांच्या टोळ्या उसाच्या तोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. एखादा जंतू एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात कसा जातो याची शास्त्रीय पुस्तकांत जी कारणे दिलेली असतात, दाटीवाटी, अंगाला अंग लागणे, फाटलेली कातडी, सामाईक वस्तू आणि स्वच्छतेचा अभाव, ती सगळी उसाच्या फडावर एकत्र नांदतात. कोयत्याचा घाव, उसाच्या पात्याचे ओरखडे, डोक्यावरील मोळीने खरवडलेली मान; राहायला पाचटाची कोपी, तीत पाच-सात माणसे; आणि पाणी मिळेल तेथून मिळेल तेवढे. अशा वेळी पायाला गळू झाले तर जोडपे काय करील? मुकादमाची उचल अंगावर आहे, दिवस बुडाला तर खाडा लागतो. कोणीतरी जवळच्या बाजारातून गोळ्या आणतो, दोन दिवसांत ठणका कमी झाला की उरलेल्या गोळ्या पुढच्या दुखण्यासाठी कनवटीला ठेवल्या जातात. यात अडाणीपणाहून हिशेब अधिक आहे, आणि त्या माणसाच्या जागी उभे राहून पाहिले तर तो हिशेब चुकीचाही नाही.

पाण्याचा विचार येथे अपरिहार्य आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याची जी दैना झाली ती या भागातील शिक्षकांना व विद्यार्थ्यांना आठवत असेल. ज्या घरी पिण्यासाठीच टँकरची वाट पाहावी लागते, तेथे गळू पुसलेला हात साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवा, हा उपदेश करायला धीर लागतो. प्रतिजैविकांच्या चर्चेत नळाचा विषय काढला की तज्ज्ञ मंडळी थोडी अस्वस्थ होतात. पण जखम धुण्याला पाणी नसल्यामुळे जी गोळी खावी लागली, ती पाण्याऐवजी खाल्लेली गोळी होय.

परंतु सगळा दोष गरिबीवर टाकून मोकळे होता येणार नाही. गळू घेऊन अंबडच्या बाजारपेठेत शिरणारा माणूस नेहमीच ऊसतोड कामगार नसतो. तो बहुधा तुमच्या-आमच्यासारखा पगारदार असतो, ज्याला दवाखान्यातील रांगेसाठी रजा टाकणे जिवावर येते. वर्षानुवर्षे त्याच्या हाती जे ठेवले गेले, त्याचा एक नमुना पाहावा. अँपिसिलीन आणि क्लॉक्सासिलीन यांचे मिश्रण असलेली कॅप्सूल आपल्या देशात 'जखमेची कॅप्सूल' म्हणून अमाप खपली. यातील अँपिसिलीनचा गळवाच्या जंतूवर बहुधा काहीच उपयोग नसतो. क्लॉक्सासिलीनचा असतो, पण कॅप्सुलीतील निम्मी जागा अँपिसिलीनने अडविल्यामुळे त्याची मात्रा अर्धी पडते. म्हणजे जो जंतू मरावयाचा तो अर्धमेला राहतो, आणि पोटातील ज्या जंतूंचा काही अपराध नव्हता त्यांना विनाकारण शिक्षण मिळते. फ्लेमिंग यांच्या कथेतील गृहस्थाला निदान शुद्ध औषध तरी मिळाले होते! मलमांची गोष्टही तीच. स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक अशी तीन-चार द्रव्ये एकत्र कालवलेल्या नळ्या गजकर्णापासून गळवापर्यंत सगळ्यांवर चोपडल्या जातात. स्टेरॉइडने लाली आणि खाज लगेच उतरते, रोगी खूश होतो आणि खालचा जंतू निवांत पसरतो. अशा काही मिश्रणांवर २०१८ मध्ये केंद्राने बंदी घातली. तरीही नळ्यांचे वेड ओसरलेले दिसत नाही.

डॉक्टरांनाही यातून सूट नाही. सलाईन लावल्याशिवाय आणि सुई टोचल्याशिवाय उपचार झालासा वाटत नाही, ही मराठी ग्रामीण रुग्णाची समजूत आकाशातून पडलेली नाही. ती वैद्यक व्यवसायाने जोपासली. डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या दशकात सातारा जिल्ह्यातील औषधांच्या वापराचा जो अभ्यास केला, त्यातून अनावश्यक आणि अशास्त्रीय औषधयोजनेचे चित्र पुढे आले होते. लोकविज्ञान संघटनेने त्यावर लेख लिहिले, पुस्तिका काढल्या. व्यवसायाने ते वाचले असेलही.

वास्तविक गळवाचा मूळ इलाज आजही तोच आहे, जो आजीला ठाऊक होता: पू बाहेर काढणे. अमेरिकेत १,२०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गळू रीतसर कापून पू काढल्यावर ज्यांना औषध म्हणून नुसती निर्गुण गोळी दिली, त्यांच्यापैकीही सुमारे ७४ टक्के बरे झाले. खरे प्रतिजैविक दिलेल्यांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे औषधाचा फायदा आहे, पण चिरा देणाऱ्या हाताचा त्याहून फार मोठा आहे. हा हात मात्र दुकानाच्या काउंटरवर मिळत नाही. त्याला स्वच्छ सुरी, भूल देणारी सुई, पट्टी आणि दहा-पंधरा मिनिटे वेळ लागतो. कॅप्सूल लिहायला अर्धा मिनिटही पुरतो.

कायद्याची उणीव आहे असे कोणी म्हणू नये. प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, हा नियम जुना आहे. त्यातील काही अधिक प्रबळ औषधांसाठी मार्च २०१४ पासून 'एच-१' ही वेगळी अनुसूची लागू झाली. तिच्यानुसार डॉक्टर व रुग्णाचे नाव नोंदवून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. २०१६ मध्ये पाकिटावरील लाल रेषेची मोहीम झाली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालकांनी डॉक्टरांना पत्र लिहून प्रतिजैविक कशासाठी देत आहोत ते चिठ्ठीवर लिहिण्याची विनंती केली. विनंतीच ती! महाराष्ट्रात या नियमांची सक्तीने अंमलबजावणी करण्याचा एक प्रयत्न खरोखरच झाला. अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी २०१२-१३ च्या सुमारास चिठ्ठी, बिल आणि दुकानात प्रत्यक्ष हजर असलेला औषधनिर्माता या तीन गोष्टींचा आग्रह धरला. औषधविक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवून त्याचा निषेध केला. पुढे आयुक्त बदलले आणि आग्रहही मावळला. केरळ राज्याने २०२४ मध्ये 'ऑपरेशन अमृत' या नावाने दुकानांवर अचानक तपासण्या सुरू केल्या. तेथे हे शक्य झाले याचे एक कारण असे, की चिठ्ठी लिहून देणारा सरकारी डॉक्टर तेथे माणसाच्या आवाक्यात आहे.

खरी अडचण नेमकी येथे आहे, आणि सक्तीचा जयजयकार करणाऱ्यांनी तिच्याकडे डोळेझाक करू नये. रोहिलागड, सुखापुरी वा शहागडकडील एखाद्या वस्तीवरून रात्री तापाने फणफणलेले पोर घेऊन बाप निघाला, तर त्याला पहिल्यांदा उघडे दिसते ते औषधाचे दुकान. ते बंद केले आणि डॉक्टर दिला नाही, तर ते पोर औषधाच्या अतिरेकाने नव्हे, अभावाने जाईल. आपल्या देशात आजही प्रतिजैविक वेळेवर न मिळाल्याने माणसे मरतात. म्हणून दुकानदारावर चाबूक उगारण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरची खुर्ची संध्याकाळीही भरलेली असेल हे पाहावे लागेल. आमच्या मते या दोन गोष्टी एकाच आदेशात आल्या पाहिजेत. एक आधी आणि दुसरी 'यथावकाश' असे झाले, तर दुसरी कधीच होत नाही हा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट मोजणीची. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या जाळ्यातील रुग्णालयांत मेथिसिलीनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचे प्रमाण २०१६ मध्ये २८.४ टक्के होते, ते २०२१ मध्ये ४२.६ टक्क्यांवर गेले. आकडा भयावह आहे. पण तो मोठ्या, बहुधा महानगरांतील रुग्णालयांचा आहे. ज्या गळवाने अंबडचा बसस्टँड कधी ओलांडला नाही ते त्यात मोजले जात नाही. महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांत पुवाची संवर्धन-चाचणी, ज्याला सर्व जण 'कल्चर' म्हणतात, सहज होत नाही. तिला दोन-तीन दिवस लागतात, खासगीत पैसे मोजावे लागतात, आणि तोवर डॉक्टर अंदाजाने औषध देतो. तोही बिचारा अंधारात तीर मारीत असतो: त्याच्या तालुक्यात कोणते जुने, स्वस्त औषध अजून चालते आणि कोणते बाद झाले आहे, हे त्याला सांगणारे कोणी नाही. मग तो सुरक्षित म्हणून अधिक भारी औषध लिहितो, आणि तेही झिजू लागते. २०१९ या एका वर्षात जगात एक लाखाहून अधिक मृत्यू एकट्या या जंतूच्या औषध-प्रतिकारामुळे ओढवले, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात खेड्यांचा वाटा किती, हे खेड्यांतील पू तपासल्याशिवाय कळणार कसे?

आणि हे काम आवाक्याबाहेरचे मुळीच नाही. जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. अंबडपासून ते तीस किलोमीटरच्या आत आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आणि प्रयोगशाळा आलीच. क्षयरोगाच्या थुंकीचे नमुने तालुक्याहून जिल्ह्याला नेण्याची व्यवस्था आपण देशभर बसविलेली आहे. त्याच पिशवीत पुवाने भिजलेले कापसाचे दहा बोळे नीट बंद करून ठेवले, तर तिचे वजन वाढणार नाही. वारंवार गळवे होणारे घर, वसतिगृहातील एकाच खोलीतील चार मुले, फडावरून परतलेली टोळी, दोन दिवसांत उतार न पडलेला रुग्ण, एवढ्यांचेच नमुने घेतले तरी वर्षभरात तालुक्याचे चित्र हाती येईल आणि ते एका कागदावर छापून प्रत्येक दवाखान्यात चिकटविता येईल. शाळांतून मुलांची आरोग्य तपासणी करणारी पथके जातातच; गळू झाकून ठेवा, टॉवेल वेगळा ठेवा आणि उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नका, हे सांगायला शिक्षकांना परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

जालन्याच्या महाविद्यालयातील पहिली तुकडी आंतरवासिता आटोपून बाहेर पडेपर्यंत २०३० उजाडेल. त्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र पुस्तकातील चित्रांवरून शिकवायचे की अंबड, घनसावंगी आणि परतूरहून आलेल्या पुवावरून, हे जिल्हा आरोग्य यंत्रणेने आणि महाविद्यालयाने आपसांत ठरवावयाचे आहे. आणि त्यासाठी मंत्रालयात फाइल पाठविण्याचीही गरज पडू नये.